खांदा दुखतोय, पण नेमकं काय दुखतंय?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. स्तनाच्या कॅन्सरचं डाव्या बाजूचं ऑपरेशन होऊन नऊ महिने झाले, रेडिएशन संपून सहा, लेट्रोझोल ही हार्मोनवरची गोळी चालू आहे. फिजिओची दहा सिटिंग झाली तरी पदर घेताना हात अडकतो आणि त्या कुशीवर झोपता येत नाही. "आता हे असंच राहणार का?" असं विचारलंत. मी डॉक्टर नाही. कोथरूडला राहणारी निवृत्त शिक्षिका. २०१८ मध्ये माझं त्याच आजाराचं उजव्या बाजूचं ऑपरेशन झालं, काखेतल्या लसिका ग्रंथीही (लिम्फ नोड) काढल्या. जे भोगलं त्यावरून लिहितेय.

आधी एक सांगा. त्या दहा सिटिंगमध्ये कुणी तुमची काख उघडून बघितली का?

माझी कुणी बघितली नव्हती. घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये तीन आठवडे गेले. ब्लाउज सरकवून खांद्याला मशीनचे पॅड लावायचे, पंधरा-वीस मिनिटं मुंग्या, मग हात लोंबता सोडून गोल फिरवायचा, पैसे द्यायचे आणि घरी. "फ्रोजन शोल्डर आहे, या वयात होतो," एवढंच निदान. इकडे शाळेत फळ्याचा वरचा अर्धा भाग कोरा राहायला लागला. मी खाली खालीच लिहायचे आणि मागच्या बाकावरची पोरं उभी राहून उतरवून घ्यायची. एकाने विचारलंच, "बाई, वर का नाही लिहीत?"

मग कॅन्सरच्या पेशंटचं काम करणाऱ्या एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिने मला उताणं झोपवलं, हात हळूहळू बाजूने वर नेला आणि दिवा जवळ ओढला. काखेतून कोपराच्या दिशेने कातडीखाली दोन दोऱ्या ताणून उभ्या राहिल्या, गच्चीत कपडे वाळत घालायला बांधतो तशा. माझंच डावं बोट तिने त्यांच्यावर फिरवलं. याला कॉर्डिंग म्हणतात. काखेतल्या ऑपरेशननंतर बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांतच होतं, पुष्कळांचं काही महिन्यांत जातंही, पण माझं चार महिने झाले तरी तिथंच होतं आणि मी इतके दिवस खांद्याला शेक देत बसले होते! तिने कातडी धरून दोऱ्या हलक्या हाताने ताणल्या, घरी करायचे स्ट्रेच दिले. दीड महिन्यात हात कानाला लागला.

तुमचंही तेच असेल असं मी म्हणत नाही. खांदादुखी हे एकच नाव आहे, कारणं वेगवेगळी. रेडिएशन घेतलेली कातडी आणि छातीचा स्नायू नंतरही कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं, आवळत जातात. त्यात आपण छाती लपवायला पोक काढून चालतो, मग खांदा आणखी पुढे येतो. दंडाच्या आतल्या बाजूला आग होत असेल किंवा बधिर वाटत असेल तर ती कापल्या गेलेल्या किंवा दुखावलेल्या नसेची गोष्ट. नुसत्या ताणण्याने ती भागत नाही, त्याची औषधं वेगळी. भिंतीला दोन्ही हात टेकवून ढकला आणि मुलीला पाठ बघायला सांगा. एका बाजूचा फरा (खांद्यामागचं सपाट हाड) पंखासारखा बाहेर आला तर तेही डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्याने हलवूनही हात बाहेरच्या बाजूला वळतच नसेल, तर मग खरा फ्रोजन शोल्डर असू शकतो. आणि लेट्रोझोल! सकाळी दोन्ही हातांची बोटं, गुडघे आखडलेले असतील तर गोळीकडेही बोट दाखवता येईल. मनाने बंद मात्र करू नका. ऑन्कोलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरचे डॉक्टर, गोळी बदलून देऊ शकतात.

"त्या हाताने वजन उचलू नकोस" हे तुम्हालाही ऐकवलं गेलंय असं दिसतं. काखेतल्या ऑपरेशननंतर हाताला सूज येऊ शकते, त्याची ही भीती. माझ्या सासूबाई पाण्याचा तांब्याही उचलू देत नव्हत्या. जपून जपून हात लाकडाचा झाला. २००९ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला. आधीच हाताला सूज असलेल्या १४१ बायका, हातावर घट्ट स्लीव्ह घालून, आठवड्यातून दोनदा, अगदी हलक्यापासून चढत जाणारी वजनं. सूज वाढली नाही, उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी झाले. मी अर्ध्या किलोच्या डाळीच्या पुडीपासून सुरुवात केली, तीही फिजिओला विचारून.

घरचा व्यायाम साधाच. उताणं झोपून लाटणं दोन्ही हातांत धरायचं आणि डोक्यामागे न्यायचं. भिंतीवर बोटांनी चढायचं, जिथे अडेल तिथे पेन्सिलची खूण आणि बाजूला तारीख. ओढ बसली तर चालेल, कळ आली की थांबा. खुणा रोज वरच जातील असं समजू नका, माझ्या मध्येच चार बोटं खाली आल्या होत्या.

पुण्यात राहतो म्हटल्यावर कुणीतरी आयंगार योग सुचवणारच. भिंतीच्या दोऱ्या, लोड, पट्टे वापरून छाती उघडायची ती पद्धत मला पुढे खूप मानवली, पण हात कानापर्यंत आल्यानंतर आणि शिकवणाऱ्यांना ऑपरेशनचं सांगून.

नवीन फिजिओ शोधताना फोनवरच विचारा: कॉर्डिंग आणि हाताची सूज बघता का? "या ना, सगळी मशीन आहेत" असं उत्तर आलं तर दुसरा नंबर लावा. कॅन्सरचं आधी सांगा; ऑन्कोलॉजिस्टला विचारल्याशिवाय त्या बाजूला अल्ट्रासाऊंड किंवा डायथर्मीचा (मशीनने आतपर्यंत दिला जाणारा) शेक घेऊ नका. बधिर जागी गरम पाण्याची पिशवीही नको, भाजलेलं कळत नाही.

हात अचानक सुजला, लाल झाला, ताप आला, नवी गाठ लागली किंवा हात न हलवताही हाड रात्रंदिवस वाढत्या चालीने ठणकायला लागलं, तर फिजिओ बाजूला ठेवून आधी ऑन्कोलॉजिस्ट गाठा.

आज रात्री आरशासमोर उभ्या राहून हात जमेल तेवढा बाजूने वर करा आणि काख बघा. दोरी दिसते का, आणि ओढ काखेत बसते, छातीवर की खांद्याच्या टोकाला, ते इथे लिहा. मग पुढचं बोलू.