छायाचित्रात धूर दाखवताना

धाराशिवकडच्या गुऱ्हाळाच्या छायाचित्रात धुराड्यातून निघणारा धूर दाखवण्याची आपली कल्पना सुरुवातीसाठी फार चांगली आहे. मात्र फोटोशॉपमधील ढगांसारखा पोत आपोआप काढणाऱ्या क्लाउड्स फिल्टरने किंवा तयार ब्रशने तो रंगवू नये, कारण तशा धुराला दिशा नसते आणि पुन्हा पुन्हा उमटलेला एकच ठसा चटकन ओळखू येतो.

त्याऐवजी काळ्या कापडापुढे निखाऱ्यावर थोडा ऊद टाकून, बाजूने प्रकाश देऊन खऱ्या धुराचे फोटो काढावेत. उदबत्तीची रेघ धुराड्यासाठी बारीक पडते. तो फोटो वरच्या लेयरवर (चित्रावरच्या वेगळ्या थरावर) ठेवून ब्लेंड मोड, म्हणजे तो थर खालच्या चित्रात मिसळण्याची पद्धत, ‘स्क्रीन’ केला, की काळी पार्श्वभूमी नाहीशी होते. कापड पुरते काळे आले नसेल, तर लेव्हल्स या उजेड-अंधार जुळवणाऱ्या सोयीतील काळा स्लायडर किंचित उजवीकडे सरकवावा, नाहीतर फोटोच्या चौकोनाची फिकट कड चित्रावर राहते.

‘स्क्रीन’ केवळ उजळवतो, त्यामुळे दुपारच्या पांढुरक्या आकाशावर धूर जवळजवळ दिसतच नाही. तेथे धुराचा लेयर इन्व्हर्ट करून (काळ्याचे पांढरे, पांढऱ्याचे काळे करून) ‘मल्टिप्लाय’ हा गडद करणारा ब्लेंड मोड वापरावा.

नवशिक्यांच्या हमखास होणाऱ्या चुका दोन:

- धूर सगळीकडे सारखाच दाट ठेवणे. वर जाताना तो पसरतो आणि विरतो, म्हणून लेयर मास्कवर (लेयरचा हवा तो भाग झाकणाऱ्या पडद्यावर) मऊ, कमी ओपॅसिटीच्या (फिकट उमटणाऱ्या) काळ्या ब्रशने वरचा भाग हळूहळू पुसत न्यावा.
- वारा न पाहणे. शेजारच्या उसाची पाने ज्या बाजूला झुकली असतील, त्याच बाजूला धूर गेला पाहिजे.

वार्प आणि लिक्विफाय ही आकार वाकवण्याची साधने तूर्त बाजूला ठेवावीत. एवढ्यावरही आपले चित्र नक्की खरे वाटेल.