ऑप्टिमायझेशन बंद ठेवणे हा इलाज नव्हे

'ओ-टू लावले की प्रोग्रॅम चुकतो, ऑप्टिमायझेशन बंद केले की बरोबर चालतो. मग ते बंदच ठेवावे का?' या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे, आणि याच मुद्द्यावर माझा वरिष्ठांशी कडाक्याचा वाद झालेला असल्यामुळे ते सविस्तर लिहितो. (ओ-टू म्हणजे कंपायलरला, म्हणजे लिहिलेल्या कोडचा मशीन कोड बनवणाऱ्या प्रोग्रॅमला, तो कोड वेगवान करण्यासाठी म्हणजेच ऑप्टिमायझेशनसाठी दिला जाणारा पर्याय.)

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या मागांसाठी कंट्रोलर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी कामाला होतो. टेरी टॉवेलमध्ये दोन बाणे, म्हणजे आडवे धागे, सैल राहतात आणि तिसऱ्याला फणी पूर्ण आपटते, तेव्हा लूप उभे राहतात. म्हणून आमचा प्रोग्रॅम बाणे तिनाच्या हिशेबाने मोजत असे आणि काठ संपला की मोजणी शून्यावर आणत असे. ओ-टूने बांधलेला प्रोग्रॅम मागावर चढवला, तेव्हा काठानंतरच्या पहिल्या ओळीत लूपच उठेनात. हात फिरवला की बोटाला खळगा लागे. मोजणी पाहण्यासाठी छापण्याची एक ओळ घातली, तर दोष नाहीसा. ती काढली, की खळगा पुन्हा हजर.

वरिष्ठ म्हणाले, "कंपायलर चुकत नसतो, तुमचं व्होलाटाइल राहिलं असेल." ही किंमत बाहेरूनही बदलू शकते, असे कंपायलरला सांगणारा तो शब्द. शंका रास्त होती, परंतु मधेच येऊन चालू काम थांबवणारा एकही इंटरप्ट त्या मोजणीला हात लावत नव्हता. मशीन कोड वाचता येईल अशा रूपात दाखवणाऱ्या ऑब्जडंपने तो उघडून पाहिला, तर शून्य लिहिणारी सूचनाच तेथे नव्हती. त्याच फंक्शनमध्ये पुढे त्याच टाइपच्या पॉइंटरमधून ती मोजणी वाचली जात असतानाही कंपायलरने ते लिखाण निरुपयोगी ठरवून उडवले होते. ओ-टूमधले पर्याय एकेक बंद करत गेलो. तिसऱ्या दिवशी एफ-नो-ट्री-डीएसई, म्हणजे निरुपयोगी वाटणारी लिखाणे उडवणे बंद करणारा पर्याय, लावताच मोजणी सुधारली. फंक्शन छाटून 18 ओळींवर आणले तरी दोष तसाच राहिला, आणि त्याच ओळी जीसीसीच्या, म्हणजे आमच्या कंपायलरच्या, पुढच्या आवृत्तीत बरोबर चालल्या.

त्यावर वरिष्ठांनी सगळेच ओ-झीरोवर, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद करून, टाकायला लावले, आणि प्रोग्रॅम इतका मंदावला की सेन्सरचे पल्स निसटू लागले. ते एकच फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये काढून तेवढ्याच फाइलला एफ-नो-ट्री-डीएसई लावणे पुरेसे होते, हे मी तेव्हा सांगितले आणि आजही सांगतो. त्याऐवजी फंक्शनच्या डोक्यावर ऑप्टिमाइझ अॅट्रिब्यूट, म्हणजे तेवढ्या फंक्शनपुरते पर्याय बदलणारी खूण, लिहू नका. ते केवळ डीबगिंगसाठी असल्याचे जीसीसीच्या माहितीपत्रातच लिहिले आहे. 'कंपायलर चुकत नसतो' म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की यूटा विद्यापीठातील संशोधकांनी यादृच्छिक सी प्रोग्रॅम तयार करून कंपायलरांमध्ये 325 हून अधिक अज्ञात दोष शोधल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध केले होते.

तरीही दहापैकी नऊ वेळा चूक आपल्याच कोडची असते, हे मला मान्य आहे. साइन्ड ओव्हरफ्लो, म्हणजे चिन्हासहित संख्या मर्यादेबाहेर जाणे, आणि मेमरीतील एकाच जागेकडे दोन टाइपांनी पाहणे, हे नेहमीचे अपराधी. ओ-टूवर स्ट्रिक्ट अलियासिंग, म्हणजे वेगळ्या टाइपांचे पॉइंटर एकाच जागेकडे पाहत नाहीत असे कंपायलरने धरून चालणे, आपोआप सुरू होते, आणि लिनक्सचा गाभा असलेला कर्नलसुद्धा ते मुद्दाम बंद ठेवून बांधला जातो. तेव्हा आधी ओव्हरफ्लोसारख्या चुका चालताना पकडणारा एफ-सॅनिटाइझ-अनडिफाइन्ड आणि दोन टाइपांच्या शंकेसाठी एफ-नो-स्ट्रिक्ट-अलियासिंग लावून पाहा. दोष कंपायलरचाच निघाला, तर छोटा नमुना आणि आवृत्तीचा क्रमांक त्या फाइलच्या माथ्यावर टिप्पणीत लिहून ठेवा, म्हणजे कंपायलर बदलताना तो नमुना चालवून पाहता येईल आणि पर्याय काढून टाकता येईल.