वाचकांचे प्रश्न : डोळ्यांवर फोकस, स्पष्ट मात्र कान

प्रश्न : माझ्या बेसा-आर या फिल्म कॅमेऱ्यावर (३९ मिमी स्क्रू माउंट, म्हणजे लेन्स आट्यांनी फिरवून बसते) सोव्हिएत ज्युपिटर-८, ५० मिमी एफ/२ लावतो. पोर्ट्रेटमध्ये डोळ्यांवर फोकस केला तरी कान जास्त स्पष्ट येतात. लांबची दृश्ये चांगली येतात. लेन्स बदलू का? कॅनन ५० मिमी एफ/१.८ आणि लायट्झची सुमिटार, दोन्ही मिळताहेत.

उत्तर : घाईने विकू नका, लेन्स बहुधा निर्दोष आहे. लायका पद्धतीचा रेंजफाइंडर (व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करण्याची यंत्रणा) ५१.६ मिमी फोकल लेंग्थ धरून चालतो. ज्युपिटर-८ ही झाइसच्या सोनार या लेन्सरचनेवरून घेतलेली, ५२.४ मिमीची, म्हणून जवळ फोकस करताना तिला जरा जास्त पुढे यावे लागते. रेंजफाइंडरच्या हिशेबाने मात्र १ मीटरवर ती हवी त्यापेक्षा सुमारे ०.१ मिमी कमी पुढे येते आणि फोकस जवळजवळ ३ सेंमी मागे पडतो. डोळ्यापासून कानाकडे, अगदी तुमच्या फोटोत दिसते तसा! अनंतावर हा फरक उरत नाही.

आधी खात्री करा. कॅमेरा ट्रायपॉडवर, मागचे दार उघडे, फिल्मच्या आतल्या रुळांवर घासून दुधाळ केलेली काच (खरखरीत बाजू लेन्सकडे), शटर बी वर (बटण दाबून धरेपर्यंत उघडे), अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/२, म्हणजे पूर्ण उघडे. १ मीटरवर ४५ अंशांत तिरकी ठेवलेल्या मोजपट्टीवरचा एक आकडा रेंजफाइंडरने जुळवा आणि काचेवर भिंगातून कोणता आकडा स्पष्ट आहे ते पाहा.

जुळवलेल्यापेक्षा मागचा आकडा स्पष्ट असेल, तर फोकसिंग रिंग धरून पुढचा काचांचा भाग फिरवून काढा. बारीक स्क्रू दिसला तर आधी तो सैल करा. काचांच्या भागाच्या बुडाशी शिमची, म्हणजे अंतर राखणारी पातळ कडी असते. तिच्यावर ०.१ मिमी पितळी पत्र्याची कडी घाला. अ‍ॅपर्चरची खूण जरा बाजूला सरकेल, ते चालते. अनंताचे दृश्य मात्र एफ/२ ला मऊ येईल, एफ/८ ला निभेल. जवळचे आणि लांबचे दोन्ही हवे असेल तर ०.०५ मिमीवर थांबा. सोनार रचनेत छिद्र बारीक करताना फोकस आणखी मागे सरकतो, म्हणून एफ/४ वर सगळे आपोआप सुधारेल असे धरू नका.

कॅनन कोपऱ्यांपर्यंत जास्त नेटकी, पण खरेदीआधी अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. अ‍ॅपर्चरमागच्या काचेवर दुधाळ थर हा तिचा नेहमीचा आजार. ताजा थर पुसला जातो. जुना काच खाऊन बसलेला असतो, त्याला इलाज नाही. सुमिटारचे जुने कोटिंग मऊ असते, पुसण्याच्या ओरखड्यांकडे नीट बघा. एफ/२ ला तिची पार्श्वभूमी भोवऱ्यासारखी फिरते. तुमच्या पोर्ट्रेटसाठी आमची पसंती शिम घातलेल्या ज्युपिटरलाच.