एकाच रकान्यातले दर, पण प्रकार वेगवेगळे

प्रश्न : लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत येथील लिलावांत कांद्याला मिळालेले क्विंटलमागचे दर मी एका एक्सेल फाइलमध्ये नोंदवतो. ओपनपायएक्सएल या एक्सेल फाइल वाचणाऱ्या लायब्ररीने फाइल वाचून पायथनमध्ये दरांची यादी सॉर्ट करू (क्रमाने लावू) लागलो, की प्रोग्राम ‘टाइपएरर’ (प्रकार न जुळल्याची एरर) दाखवून थांबतो. तुलनेसाठी प्रत्येक दराची स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) केल्यावर एरर गेली, मात्र १४५० हा दर ९००च्या आधी येऊ लागला. काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या रकान्यात तीन प्रकारची माहिती मिसळलेली असावी. संख्या म्हणून भरलेला दर इंटिजर (पूर्णांक) किंवा फ्लोट (दशांश संख्या) म्हणून येतो, मजकूर म्हणून टंकलेला ‘१,२००’ किंवा ‘लिलाव बंद’ स्ट्रिंग म्हणून येतो आणि रिकामी चौकट ‘नन’ (काहीच नाही) म्हणून येते. पायथन २ अशी सरमिसळही मुकाट्याने लावून देत असे आणि संख्या स्ट्रिंगच्या आधी ठेवत असे. २००८मध्ये आलेल्या पायथन ३ने मात्र संख्या आणि स्ट्रिंग यांत लहान कोण हे ठरवण्यास नकार दिला, आणि आमच्या मते ते योग्यच झाले. आपण योजलेला उपाय एररपेक्षा घातक आहे, कारण स्ट्रिंगची तुलना डावीकडून एकेका अक्षराने होते आणि १ हे ९पेक्षा लहान असल्यामुळे १४५० पुढे सरकतो. त्यातच काही दर देवनागरी अंकांत असतील, तर ते सगळे इंग्रजी अंकांतील दरांच्या मागे जाऊन बसतात.

म्हणून सॉर्ट करण्यापूर्वीच प्रत्येक नोंद तपासणारे छोटे फंक्शन लिहावे. नोंद संख्या असेल तर ती तशीच ठेवावी. स्ट्रिंग असेल तर स्वल्पविराम काढून ती संख्येत बदलणाऱ्या ‘फ्लोट’ फंक्शनला द्यावी. हे फंक्शन आजूबाजूची मोकळी जागा आपणच काढते आणि देवनागरी अंकही वाचते, ही सोय पुष्कळांना ठाऊक नसते. ‘लिलाव बंद’ येथे ते ‘व्हॅल्यूएरर’ देईल. ती एरर पकडून अशा नोंदी, रिकाम्या चौकटींसह, वेगळ्या यादीत टाकाव्यात. त्यांच्या जागी शून्य भरू नये, नाहीतर बंदचा दिवस सर्वांत पडलेल्या भावाचा दिवस म्हणून यादीच्या माथ्यावर दिसेल. ‘नॅन’ (‘ही संख्या नाही’ असे सांगणारे मूल्य) हेही भरू नये, कारण त्याच्याशी केलेली तुलना एरर न देता क्रम बिघडवते.

शिवाय यादीची ‘सॉर्ट’ मेथड न वापरता ‘सॉर्टेड’ फंक्शन वापरावे. ‘सॉर्ट’ मध्येच अडले तर मूळ यादी अर्धवट हललेली राहू शकते, ‘सॉर्टेड’ तिला हातही लावत नाही.