नवीन आणलेला हॅमस्टर हात लावला की कडकडून चावतो. त्याला माणसाळवायचं कसं?

आठवडाभर त्याला उचलूच नका. आधी तुमच्या हाताचा वास त्याच्या ओळखीचा होऊ द्या. हॅमस्टरची नजर अधू असते, जग तो वासावर ओळखतो. वरून झेपावणारा हात त्याला घारीसारखा वाटतो, म्हणून तो चावतो. त्यात राग नसतो, भीती असते. शिवाय हा निशाचर प्राणी. दुपारी झोपेतून उठवलात तर चावा ठरलेलाच. आमच्याकडच्या सीरियन हॅमस्टरला वळण लागायला तीन आठवडे लागले, ते असे:

- साबणाने हात धुवायचे. बोटाला शेव-चिवड्याचा वास असेल तर तो बोटालाच खाऊ समजतो.
- दिवसभर खिशात ठेवलेला टिश्यू पेपर त्याच्या घरट्याजवळ टाकायचा.
- रोज रात्री सूर्यफुलाची एक बी उघड्या तळहातावर ठेवून हात पिंजऱ्यात स्थिर ठेवायचा. तो आधी मान लांब करून बी पळवतो, गालात कोंबतो आणि पसार होतो. पुढचे दोन पाय तळव्यावर टेकले की अर्धं काम झालं.
- बाहेर काढताना कपात चढू द्यायचं, तेही जमिनीवर बसूनच. उंचावरून पडला तर हाड मोडतं.

चावलाच तर हात झटकू नका, ओरडू नका. तोंडावर फुंकर मारायचा सल्ला काही जण देतात, तो तर अजिबात ऐकू नका. मात्र माणसाळलेला हॅमस्टर अचानक चावू लागला तर ते दुखण्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा थेट पशुवैद्याकडे न्या.