साक्षीच्या वेळी बाहेर जाणारी बाई

“मॅडम, प्रभू विश्वासू आहे हे मी पाठ म्हणून दाखवीन. पण माझ्या बाबतीत आहे का, तेवढं सांगा.”

नगरकडच्या ख्रिस्ती घरातल्या, चाळिशीला टेकलेल्या एक शिक्षिका. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) उपचार करून थकल्यावर नवरा-बायकोनं दत्तकासाठी नाव नोंदवलेलं. होम स्टडीचा, म्हणजे दत्तकाआधी घरी येऊन केलेल्या पाहणीचा, अहवाल 3 वर्षंच ग्राह्य असतो. त्यांचा संपत आला तरी नंबर लागला नव्हता. “आता परत घरी येणार, परत पगाराचे कागद, परत स्वयंपाकघर बघणार,” एवढं बोलून त्या रडायला लागल्या. मूल नाही यावर त्या कधीच्याच रडून झाल्या होत्या.

रविवारी मंडळीत साक्ष द्यायची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायची, वेळ झाली की त्या चपला सरळ लावायच्या निमित्तानं बाहेर जात. एका मावशींनी तोंडावर सांगितलेलं, “विश्वासात कुठंतरी कमी पडतंय तुझ्या.” असं ऐकवणाऱ्यांचा मला राग येतो, आणि तो मी लपवला नाही.

“सगळे साराचं उदाहरण देतात,” त्या म्हणाल्या. देतात, पण म्हातारपणी मूल झालं हा शेवट तेवढा सांगतात. आम्ही बायबलमधलं पहिलं पुस्तक, उत्पत्ती, उघडलं. साराचा नवरा अब्राहाम देवाचं संततीचं वचन घेऊन हारान सोडून निघाला तेव्हा 75 वर्षांचा, त्यांचा मुलगा इसहाक झाला तेव्हा 100 चा. मधल्या 25 वर्षांत दोघांचा धीर सुटला, साराची दासी हागार हिच्याकडून मूल मिळवायची वाट काढून झाली, घरात भांडणं पेटली. पुन्हा वचन कानी आलं तेव्हा सारा तंबूच्या दाराशी मनातल्या मनात हसली. तरी देवानं शब्द फिरवला नाही.

“म्हणजे तिच्या विश्वासाचं माप काढून दिलं नव्हतं त्यानं?” हे त्यांनीच विचारलं.

साराला झालं म्हणजे तुम्हालाही मूल होईल, असं मात्र मी म्हटलं नाही. तसं वचन देणारी मी कोण? 13 वं स्तोत्र तेवढं रोज मोठ्यानं वाचायला सांगितलं. सहाच वचनांचं आहे, आणि पहिल्या दोनांत ‘किती काळ?’ हा सवाल चारदा येतो. “असं देवाला विचारलेलं चालतं?” त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. म्हटलं, पवित्र शास्त्रातच छापलंय की.

होम स्टडी पुन्हा झाली. नंबर अजून लागलेला नाही. गेल्या महिन्यात साक्षीच्या वेळी त्या आतच थांबल्या. उठून म्हणाल्या, “मला अजून काही मिळालेलं नाही. प्रार्थना करा.” आणि खाली बसल्या.