भुलीनंतर पाच तास श्वास आला नाही, दावा लावू का?

प्रश्न (नांदेडहून एक ताई): सहा महिन्यांपूर्वी खासगी रुग्णालयात मुलीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. नंतर तिला स्वतःहून श्वास घेता येईना. पाच तास व्हेंटिलेटरवर होती, त्याचं वेगळं बिल लागलं. पुढे तपासणीत स्यूडोकोलिनेस्टरेज (रक्तातलं एक एन्झाइम) अगदी कमी निघालं. ही तपासणी आधीच का केली नाही? आम्ही आर्य वैश्य. धाकट्याचं हर्नियाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे.

उत्तर: ताई, त्या पाच तासांत तुमचं काय झालं असेल, हे कळतं. तरीही स्पष्ट सांगते: तपासणी केली नाही, एवढ्यावर दावा टिकणं कठीण आहे. श्वासनळीत नळी घालताना स्नायू सैल करायला सक्सिनिलकोलीन देतात. स्यूडोकोलिनेस्टरेज हे औषध काही मिनिटांत मोडतं. हे एन्झाइम कमी असलं, तर औषध तासन्‌तास उतरत नाही. पण ऑपरेशनआधी प्रत्येकाची ही तपासणी करण्याचा प्रघात नाही. उतरेपर्यंत व्हेंटिलेटरवर ठेवणं हाच त्यावरचा उपचार, आणि तो तिला मिळाला. नेहमीची वैद्यकीय पद्धत पाळणाऱ्या डॉक्टरला निष्काळजी म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं आहे.

आता मला एकच सांगा. भूलतज्ज्ञांनी 'घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का' असं विचारलं होतं का? तुमच्या घरात असं पूर्वी घडलं होतं आणि तुम्ही ते सांगूनही तेच औषध दिलं असेल, तर चित्र पालटतं. आर्य वैश्य समाजात ही उणीव इतरांपेक्षा जास्त आढळते, हे वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेलं आहे. तोही मुद्दा मांडता येईल, मात्र एकट्या त्याच्या जोरावर निकाल लागेल असं मला वाटत नाही.

म्हणून नोटिशीची घाई नको. आधी केस पेपर, भुलीची नोंद आणि संमतीपत्र लेखी अर्ज करून मागा, पोच घ्या. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार कागद 72 तासांत द्यावे लागतात. त्यात काही सापडलं, तर जिल्हा ग्राहक आयोगात घटनेपासून 2 वर्षांत तक्रार करता येते.

डिस्चार्ज कार्डावर औषधाचं नाव आणि घडलेला प्रकार आहे का, तेही बघा. नसेल, तर ते लेखी मागणं हा तुमचा हक्क आहे, आणि मला दाव्याहून त्याची काळजी जास्त वाटते. ही उणीव आईवडील दोघांकडून येते, सख्ख्या भावाला असण्याची शक्यता साधारण चारात एक. धाकट्याची तपासणी याच आठवड्यात करून घ्या. मुलीचा रिपोर्ट त्याच्या भूलतज्ज्ञांच्या हातात द्या आणि केस पेपरवर तशी नोंद झाल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नका.